गाडीने एअर धरली : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

डिझेल लाईनमध्ये हवा शिरली की ट्रक चालू कसा करायचा यावर या खेपेला इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय बाजूला ठेवून अख्खं सदर त्यालाच दिलंय. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केलीत. पहिलं पत्र खरं तर सगळ्यात शेवटी आलं होतं पण मुद्दाम वर घेतलंय, कारण ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

प्रश्न : नोजलचा पाइप ढिला करून एअर काढत होतो, हेल्पर आत बसून स्टार्टर मारत होता. डिझेलची बारीक धार बोटाला लागली. टाचणी टोचल्यासारखी खूण आहे, रक्त नाही, दुखत पण फारसं नाही, फक्त बोट जड वाटतंय. मलम लावून काम चालू ठेवलं तर चालेल ना?

नाही चालणार दादा. तुम्हाला वेगळं कळवलंच आहे, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून इथे छापतोय. अशी धार लागली तर त्याच क्षणी पाना खाली ठेवायचा आणि हॉस्पिटल गाठायचं, ते पण जिथे ऑपरेशनची सोय आहे अशा ठिकाणी. जुन्या इंजिनाचा नोजल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, सुद्धा साधारण २०० बारला (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २०० पटीला) उघडतो आणि कातडी फोडायला त्याच्या कितीतरी कमी प्रेशर पुरतं. वरून दिसतं ते फक्त छिद्र, आत डिझेल स्नायूंच्या आवरणांतून पार तळहातापर्यंत पसरलेलं असू शकतं. पहिले काही तास दुखत नाही म्हणूनच माणूस फसतो, मग बोट सुजतं, काळंनिळं पडतं, आणि उशीर झाला तर ते बोट कापायची पाळी येते. डॉक्टरांना नुसतं "टोचलंय" म्हणू नका, "हाय प्रेशरने डिझेल आत गेलंय" असंच सांगा, कारण बाहेरची खूण बघून कोणालाही ती किरकोळच वाटणार.

इथून पुढे जी काही रीत सांगतोय ती सगळी ही गोष्ट डोक्यात ठेवूनच वाचा. धार कुठून येतेय ते बोटाने चाचपडायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. साधा रबरी हातमोजा ही धार अडवत नाही. आणि डोळ्यावर चष्मा पाहिजेच.

प्रश्न : रात्री चालवता चालवता डिझेल संपलं. कॅनमधून २० लिटर आणून टाकीत ओतलं, स्टार्टर मारत राहिलो, शेवटी बॅटरी बसली पण इंजिनने दाद दिली नाही. गाडी जुनी आहे, सहा सिलिंडर, इनलाइन पंप. टाकीत डिझेल आहे तर चालू का होत नाही, आणि एअर मला स्वतःला काढता येईल का?

येईल, आणि जुन्या पंपाच्या गाडीवर प्रत्येक ड्रायव्हरला ती काढता आलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पण हातात पाना घ्यायच्या आधी आत काय होतं ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढची कुठलीच पायरी पाठ करावी लागणार नाही.

औषधाची सिरिंज असते ना, ती पाण्याने पूर्ण भरा, तोंडावर बोट गच्च दाबून धरा आणि मागचा दट्ट्या दाबून बघा, हलत नाही. आता तिच्यात निम्मी हवा घ्या आणि परत दाबा. दट्ट्या आरामात आत जातो, सोडला की परत येतो, आणि बोटाला म्हणावा तसा जोर लागतच नाही. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी असाच एक दट्ट्या, म्हणजे प्लंजर, एका रांगेत असतो, आणि त्याच्या एलिमेंटमध्ये, म्हणजे प्लंजर आणि त्याच्या नळीच्या जोडीत, नेमकं हेच चालू असतं. प्लंजर वर जातो, हवा दबते, प्लंजर खाली येतो, हवा फुगते, आणि नोजलची सुई उचलायला जे २०० बार लागतात ते कधी तयारच होत नाहीत. इनलाइन पंप बॉशने १९२७ पासून कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतले, तेव्हापासून आजपर्यंत हे मर्म काही बदललेलं नाही, डिझेल दाबता येत नाही म्हणून पंप चालतो आणि हवा दाबता येते म्हणून अडतो. त्यामुळे टाकी काठोकाठ भरलीत तरी पाइप, फिल्टर आणि पंपात जी हवा अडकलीय ती आपण काढेपर्यंत तिथेच बसते, आणि नुसता स्टार्टर मारून जे होतं ते तुम्ही बघितलंतच.

म्हणून पहिलं काम म्हणजे बॅटरी चार्ज करून घ्या किंवा दुसरी जोडा. पुढच्या कामाला स्टार्टर जोरात फिरायलाच पाहिजे, अर्धमेल्या बॅटरीवर एअर काढणं म्हणजे दुप्पट वेळ आणि वर स्टार्टर जळायची भीती.

दुसरं, २० लिटर. ट्रकची टाकी रुंद असते आणि आतला सक्शन पाइप तळाला टेकलेला नसतो, थोडा वर असतो, मुद्दाम, म्हणजे खालचा गाळ आणि पाणी ओढलं जाऊ नये. त्यात गाडी एका अंगाला कललेली असेल तर २० लिटर सगळं दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि पाइपाचं तोंड कोरडंच राहतं. मग हातपंप मारून मारून खांदा गळून जातो आणि येते ती हवाच. तेव्हा जमेल तेवढं जास्त डिझेल टाका, गाडी तिरकी असेल तर हे आणखीच महत्त्वाचं. आणि टाकताना गाळून टाका, घाईत आणलेल्या कॅनच्या तळाला काय असतं ते मी खूप वेळा बघितलंय.

तिसरी गोष्ट एका मिनिटाची आहे पण तिने माझा एकदा अख्खा दिवस खाल्ला होता. पंपावरचा स्टॉप लिव्हर बघा. इंजिन बंद करायची केबल किंवा हवेचा छोटा सिलिंडर त्या लिव्हरला ओढतो, आणि तो बंदच्या बाजूला अडकून राहिला असेल तर तुम्ही कितीही एअर काढा, नोजलपर्यंत थेंब जाणार नाही. हाताने हलवून चालूच्या बाजूला पूर्ण येतोय ना बघून घ्या. रोटरी पंपाची गाडी असेल तर तिथे लिव्हरऐवजी बहुतेक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, असतो, त्याला करंट पाहिजे, म्हणजे चावी ऑन ठेवूनच काम करायचं.

आता एअर. नियम एकच, डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने मागून पुढे काढत जायची, आधी फिल्टर, मग पंप, मग नोजल. उलटं केलंत तर मागची हवा परत पुढे येते आणि सगळं पहिल्यापासून.

टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाकडे पाठवणारा छोटा पंप तो फीड पंप, त्याच्यावरच्या हातपंपाची मूठ आट्यांवर बसलेली असते, ती उलटी फिरवून मोकळी करा. फिल्टरच्या डोक्यावर हवा काढायचा ब्लीड स्क्रू असतो, तो एक-दोन आटे ढिला करा, पूर्ण काढू नका, काढला की नेमका चेसिसमध्ये कुठेतरी पडतो आणि अंधारात सापडत नाही. त्याच्या आजूबाजूची धूळ आधी पुसून घ्या आणि खाली डबा धरा. मग पंप मारायला लागा. सुरवातीला हात अगदी हलका जातो, काहीच पकडत नाही असं वाटतं, ३०-४० वेळा मारल्यावर जरा जड व्हायला लागतो आणि स्क्रूपाशी फेस येतो, मग थुंकल्यासारखं डिझेल, मग फुगे मिसळलेली धार, आणि शेवटी काचेसारखी सलग धार. ही सलग धार दिसल्यावरसुद्धा लगेच थांबू नका, अजून दहा-बारा वेळा मारा, कारण फिल्टरच्या कोपऱ्यात राहिलेला फुगा उशिरा बाहेर पडतो. आणि स्क्रू आवळताना पंप दाबलेलाच ठेवा, हात सोडून आवळलात तर शेवटच्या क्षणी हवा परत आत ओढली जाऊ शकते. फिल्टर दोन असतील तर दोन्हीवर हेच, आधी टाकीच्या बाजूचा.

त्यानंतर मोठ्या इनलाइन पंपाच्या अंगावरचा ब्लीड स्क्रू, तिथेही अगदी तसंच. मग ढिले सगळे स्क्रू आवळून आणखी थोडा वेळ हातपंप मारा, हात एकदम टणक लागला म्हणजे फीडची बाजू भरली. आता मूठ दाबून परत आट्यांवर घट्ट बसवा. ही मूठ उघडी राहिली तर पुढे तिथूनच हवा ओढली जाते, आणि लोक दोन दिवसांनी "परत एअर आली" म्हणत येतात.

बऱ्याच वेळा गाडी इथेच चालू होते. नाही झाली तर नोजलच्या बाजूचे नट, बहुतेक गाड्यांवर १७ किंवा १९ चा पाना लागतो, दोन किंवा तीन सिलिंडरचे अर्धा-एक आटा ढिले करा. सहाच्या सहा उघडायची गरज नसते, दोन-तीन सिलिंडर पेटले की इंजिन स्वतःच्या जोरावर बाकीच्यांची हवा ढकलून देतं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, आणि स्टार्टर मारणाऱ्याला तुमचं तोंड दिसलं किंवा आवाज तरी स्पष्ट ऐकू आला पाहिजे. तुम्ही नटापासून लांब उभे राहा, चेहरा आणि हात दोन्ही लांब. १०-१५ सेकंद मारायचा, मग एक-दोन मिनिटं थांबायचं, परत मारायचा. ही विश्रांती आळसाची नाही, स्टार्टरच्या वायंडिंगमध्ये त्या १५ सेकंदात जी गरमी साठते ती निघायला तेवढा वेळ लागतोच. नटापाशी डिझेल झटके देत यायला लागलं की स्टार्टर थांबवून आवळा आणि परत मारा. इंजिन पकडलं की पहिलं मिनिटभर ते अडखळत, धूर सोडत चालेल, घाबरू नका, आयडलिंगपेक्षा थोडं वर धरून ठेवा आणि ते एकसारखं झाल्यावरच सोडा. चालू इंजिनावर नट ढिले करून बघायची सवय पुष्कळ जणांना असते, ती मोडा, वरचं पत्र परत एकदा वाचा.

सांडलेलं डिझेल पुसल्याशिवाय मात्र निघू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेलं डिझेल नुसता वास देत नाही, पेट घेतं.

प्रश्न : वडिलांच्या मागे दोन ट्रकचं मी बघते. त्यातला एक रोज सकाळी लगेच चालू होतो, १०-१५ सेकंद चालतो आणि बंद पडतो. मग हातपंप मारला की दिवसभर काही तक्रार नाही. मेकॅनिकने तीन वेळा एअर काढली, पैसे घेतले, चौथ्या दिवशी परत तेच. ते म्हणतात कुठे थेंबभरही गळत नाहीये तर हवा येणार कुठून?

ताई, तुमचं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण तीन वेळा एअर काढली आणि ती शिरली कुठून हे एकदाही शोधलं नाही, हा प्रकार मी इतका बघतो की मनापासून वाईट वाटतं. एअर काढणं हा इलाज नाही, बादलीला भोक आहे आणि आपण पाणी भरत राहिलोय तसं ते आहे.

आणि "गळत नाही म्हणजे हवा येत नाही" हे तर साफ चूक आहे, बरोबर उलटं असतं. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीखाली असतो, आतलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथे भेग असेल तर चालू गाडीत डिझेल बाहेर यायचा प्रश्नच येत नाही, बाहेरची हवा आत जाते. भेग कोरडी राहते, डोळ्याला काही दिसत नाही. फीड पंपाच्या पुढे मात्र एक-दोन बारचं प्रेशर असतं, तिथली भेग डिझेल गाळते, धूळ चिकटून ओला डाग दिसतो. तेव्हा ओला डाग शोधत फिरणारा माणूस चुकीच्या अर्ध्या भागात शोधतोय. कोरड्या अर्ध्या भागात शोधा म्हणावं.

लक्षण पण तेच सांगतंय. रात्रभर गाडी उभी, टाकी खाली, इंजिन वर, त्या बारीक भेगेतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. फिल्टर आणि पंपात जेवढं राहिलं तेवढ्यावर सकाळी इंजिन चालू होतं, ते १०-१५ सेकंदात संपतं, मागून हवेचा गोळा येतो आणि गाडी बंद. दिवसा चालू असताना मात्र फीड पंप त्या बारीक हवेवर मात करतो, थोडी हवा उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न पाइपाने टाकीत निघून जाते, म्हणून तक्रार जाणवत नाही.

आता शोधायचं कसं. सगळ्यात खात्रीचा उपाय हा आहे की टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडा आणि त्या जागी नवीन होजचा तुकडा लावून तो स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा, कॅन टाकीच्याच उंचीवर आणि नीट बांधलेला. एअर काढा, चालू करा, रात्रभर तशीच उभी ठेवा. सकाळी व्यवस्थित चालू राहिली तर दोष टाकी ते पंप या टप्प्यात आहे, पंप आणि फिल्टरला हात लावायची गरज नाही. तशीच बंद पडली तर दोष पुढे आहे. एका रात्रीत अर्धी गाडी संशयातून सुटते, उगाच फीड पंप बदल, मग फिल्टर हेड बदल, असं अंदाजाने पैसे जात नाहीत.

दुसरा उपाय पारदर्शक पाइपाचा. फीड पंपाच्या अलीकडे हातभर लांबीचा डिझेलला टिकणारा पारदर्शक होज जोडा, क्लिप दोन्हीकडे घट्ट, आणि चालू गाडीत बघा. थोडे फुगे सुरवातीला दिसणारच, पाच मिनिटांनी धार निवळ पाहिजे. मोठे मोठे फुगे एकामागून एक येत राहिले तर हवा मागून शिरतेय. अगदी बारीक, सोड्यासारखे फुगे असतील आणि इंजिनचा वेग वाढवला की तेही वाढत असतील तर भेगेऐवजी अडथळ्याचा पण संशय घ्या, जाळी तुंबलीय, पाइप चेपलाय किंवा पंपाच्या अलीकडे लावलेला फिल्टर भरलाय, कारण ओढ जास्त झाली की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच सुटून फुग्यासारखी दिसते. हा फरक ओळखता आला की निम्मं निदान झालं. परीक्षा झाल्यावर तो पारदर्शक पाइप काढून टाका, कायम ठेवायची वस्तू नाही ती.

जागा सापडतात त्या बहुतेक ठरलेल्या. रबरी होज वाकतो तिथे बाहेरून नुसती सुरकुती दिसते, वाकवून बघितलं की आतपर्यंत गेलेली भेग दिसते. होज क्लिप घट्ट असते पण खालचं रबर कडक होऊन पाइपावर सैल झालेलं असतं. लोखंडी पाइप चेसिसच्या ब्रॅकेटवर घासून सुईएवढं भोक पडतं, ते क्लॅम्पच्या खाली लपलेलं असतं, तेव्हा क्लॅम्प काढूनच बघायचं. फिल्टरचा जुना रबरी वायसर वरच्या डोक्याला चिकटून राहतो आणि नवीन फिल्टर त्याच्यावरच बसवला जातो, दोन वायसर एकावर एक, बसायचं तिथे नीट बसत नाही. आणि बँजो बोल्टचे, म्हणजे ज्याच्या पोटातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वायसर. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो. परत तोच लावला तर तो नवीन जागेला दबून बसत नाही, सूक्ष्म फट राहते, मग माणूस बोल्ट आणखी आवळतो, बोल्टचा गळा ताणतो, कधी तुटतो पण. नवीन वायसर लावा, बँजोच्या दोन्ही बाजूंना, जाडी सारखी. नवीन मिळतच नसेल अशा वेळी जुना लाल होईपर्यंत तापवून गार केला की तांबं परत मऊ होतं, वरची काळी पापडी घासून काढायची आणि लावायचा. हे डिझेलच्या जागेपासून लांब नेऊन करायचं हे वेगळं सांगायला नको. एवढ्याशा चकतीपायी महिना महिना गाडी सकाळी अडलेली मी बघितलीय.

कॅनच्या परीक्षेत दोष पंपाकडे निघाला तर फीड पंपातले नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बघायला सांगा, त्यांच्यात कचरा अडकला तरी डिझेल रात्री मागे उतरतं. आणि हातपंपाच्या दांड्याचं सील, तिथे हाताला ओलसर लागतं का तेही. पण ही पुढची गोष्ट, आधी कॅन.

प्रश्न : एअर काढायला वेळ नसेल तेव्हा एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून चालू केली तर?

स्प्रे नको. त्यातलं इथर डिझेलच्या कितीतरी आधी पेटतं, पिस्टन वर पोचायच्या आतच, आणि त्या धक्क्याने रिंगा आणि पिस्टन फुटलेले आहेत. ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात तर तापलेल्या तारेवर इथर म्हणजे वेळेआधीच सिलिंडरमध्ये किंवा हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये भडका. आणि एवढं करून पाइपातली हवा तिथेच आहे, गाडी दोन झटके देऊन परत बंद.

ओढण्याबद्दल म्हणाल तर एअर ब्रेकच्या ट्रकला इंजिन बंद असताना हवा उतरली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, चाकं फिरतच नाहीत. हवा असली तरी ती भरणारा कंप्रेसर बंद आणि पॉवर स्टिअरिंगही बंद, म्हणजे जड गाडी, ब्रेकची हवा प्रत्येक दाबाला कमी होतेय आणि वळत नाहीये. हवेने भरलेला पंप ओढून चालू होईल याची खात्री पण नाही. अर्धा तास हातपंप मारा, तो कमी त्रासाचा.

प्रश्न : नवीन गाडी आहे, कॉमन रेल. डिझेल फिल्टर बदलला आणि आता चालू होत नाही. जुन्या गाडीसारखे नोजलचे नट ढिले करू का? फिल्टर बसवताना मी तो वरपर्यंत डिझेलने भरून घेतला होता.

नट ढिले करायचे नाहीत, अजिबात नाही. जुन्या पंपाची रीत इथे लागू होत नाही आणि म्हणूनच अनुभवी माणूस इथे जास्त चुकतो. या सिस्टिममध्ये पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, सतत प्रेशर साठवून ठेवतो, चालू इंजिनात ते १६०० बार, काही गाड्यांवर २००० च्याही वर जातं. इंजिन बंद केल्यावरही ते उतरायला वेळ लागतो. शिवाय बऱ्याच कंपन्या हे पाइप एकदा उघडले की नवीनच लावायला सांगतात.

चालू का होत नाही त्याचं कारण थोडं वेगळं आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रेलमधलं प्रेशर सेन्सरने बघत असतो आणि ते ठरावीक मर्यादेच्या वर, साधारण २०० बारच्या आसपास, गेल्याशिवाय इंजेक्टर उघडायचा सिग्नलच देत नाही. पंपात हवा असेल तर रेल भरत नाही, रेल भरत नाही म्हणून सिग्नल नाही, आणि स्टार्टर कितीही फिरवला तरी सायलेन्सरमधून धुराचा लवलेशही नाही. धूर ही खूण कायम लक्षात ठेवा, कुठल्याही डिझेल गाडीवर, स्टार्टर मारताना पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय आणि पेटत नाहीये, अजिबात धूर नसेल तर पोचतच नाहीये.

करायचं ते सगळं कमी प्रेशरच्या बाजूला. फिल्टर हेडवर किंवा पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरवर प्रायमर, म्हणजे हातपंप, असतो, तो मारत राहा, हात टणक होईपर्यंत, शंभर-दीडशे वेळा मारावा लागला तरी आश्चर्य नाही. हेडवर ब्लीड स्क्रू दिलेला असेल तर तोच उघडायचा. इलेक्ट्रिक फीड पंपाची गाडी असेल तर बहुतेक प्रायमर नसतो, तिथे चावी ऑन करायची, पंपाचा बारीक आवाज येतो तो थांबेपर्यंत थांबायचं, चावी ऑफ, परत ऑन, असं पाच-सहा वेळा, स्टार्टर न मारता. मग स्टार्टर, वर सांगितलंय तसंच थांबत थांबत. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात याची ठरलेली पद्धत असते, ती माझ्यापेक्षा मोठी माना.

नुसता स्टार्टर मारत बसण्यात आणखी एक नुकसान आहे. या प्रकारच्या बऱ्याच पंपांना वंगण वेगळं नसतं, डिझेलच वंगण असतं. कोरडा फिरवला की धातूला धातू घासतो आणि त्याचा चुरा रेलमधून थेट इंजेक्टरमध्ये जातो. मग पंप बदलून भागत नाही, इंजेक्टर, रेल, पाइप सगळंच.

आणि फिल्टर भरून बसवणं. जुन्या गाडीवर मी स्वतः भरून बसवायला सांगत आलोय पण इथे बहुतेक कंपन्या मनाई करतात आणि त्यांचं बरोबर आहे. स्पिन ऑन, म्हणजे फिरवून आट्यांवर बसवायच्या, फिल्टरला वर मधे मोठं भोक असतं आणि कडेला बारीक भोकं. बहुतेक फिल्टरमध्ये कडेच्या भोकांतून मळकं डिझेल आत जातं आणि मधल्या भोकातून गाळलेलं बाहेर येतं. मधल्या भोकात कॅनने ओतलंत म्हणजे न गाळलेलं डिझेल गाळणीच्या पलीकडे गेलं, सरळ पंपात. आतले भाग दोन-तीन मायक्रॉनच्या फटीवर चालतात, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. आता भरलंयत तर फिल्टर काढून ते डिझेल ओतून टाका, आत कचरा गेल्याचा जरा जरी संशय असेल तर फिल्टर नवीन घ्या, कोरडा बसवा, रबराला डिझेलचं बोट फिरवा आणि प्रायमरनेच भरा. फिल्टरची किंमत त्या पंपापुढे काहीच नाही.

प्रश्न : टाकी भरलेली असते तेव्हा गाडी उत्तम. निम्म्याच्या खाली गेली की चढावर दम सोडते, कधी बंद पडते, एअर काढली की चालू. फिल्टर, होज, वायसर सगळं बदलून झालं.

टाकीच्या आत बघितलंत का? सक्शन पाइप टाकीच्या वरच्या झाकणातून आत उतरतो. त्याच्या सांध्याला किंवा मधे कुठे तडा गेला असेल तर टाकी भरलेली असताना तो तडा डिझेलखाली बुडालेला असतो, ओढला जातो तो डिझेलच, काही बिघडत नाही. पातळी तड्याच्या खाली आली की तिथून हवा. म्हणून तर टाकी भरली की रोग बरा होतो आणि सगळे म्हणतात फिल्टर बदलल्याने बरी झाली, कारण फिल्टर बदलल्यावर माणूस टाकी पण भरतो. किती पातळीला त्रास सुरू होतो ते दोन-तीन वेळा मोजून ठेवा, तडा साधारण त्याच उंचीवर सापडतो. दोन टाक्यांची गाडी असेल तर दोन्हींचा पाइप आणि मधला टी पण बघा, एक टाकी आधी रिकामी होऊन तिकडून हवा ओढली जात असेल.

पाइप काढाल तेव्हा खालची जाळी धुवा. टाकीला वेल्डिंग करायची कोणी गोष्ट काढली तर रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ असते, ती नीट साफ न करता ठिणगी लावली तर टाकी फुटते, ते काम त्यातल्या जाणकाराकडेच द्या.

आणि हे उघडायच्या आधी एक सोपं करून बघा. गाडी दम सोडेल तेव्हा उतरून टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी नीट चालायला लागली, तर पाइप चांगला आहे, झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. डिझेल जातंय तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे, ती येत नाही म्हणून टाकीत ओढ तयार होते आणि फीड पंप हरतो. पण हा त्रास टाकी निम्मी झाली म्हणून नाही तर झाकण लावल्यापासून तास-दीड तासाने येतो, भरलेल्या टाकीवर सुद्धा. तुमच्या पत्रावरून मला तडाच वाटतोय, तरी झाकण उघडून बघायला एक मिनिट लागतं, तेवढं आधी बघा आणि मगच टाकी उतरवा.